सकाळी तोडलेली घोळ

पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या त्या कारखान्यात काटामावशीचं खरं नाव विचारलं, तर हजेरी घेणारा कारकूनसुद्धा आधी डोकं खाजवील. हे नाव तिला मालाच्या काट्यावर बसणाऱ्या माणसानं दिलं. कागदाचे गठ्ठे तोलून तोलून ज्याचे केस पांढरे झाले, असा तो गडी. एकदा कँटीनमध्ये जेवता जेवता म्हणाला, "माझा काटा कधीमधी खोटं बोलतो. या बाईची जीभ नाही बोलत." झालं. त्या दिवसापासून ती काटामावशी.

चुलीवर ती आली तीही तोंडामुळेच. आधी ती गोंदखात्यात होती. दिवसभर खोक्यांच्या कडांना गोंद लावायचा आणि जेवायच्या सुट्टीत कँटीनच्या डाळीला नावं ठेवायची. डाळीत हळद कच्ची आहे, भात दोनदा गरम केलाय, कांदा करपल्यावर वरून पाणी मारलंय. तेव्हाचा आचारी एक दिवस वैतागला आणि पळी तिच्या हातात देऊन म्हणाला, "एवढं कळतंय तर कर तूच." आणि गेला तो गेलाच. मॅनेजरनं त्या दिवसापुरतं तिला उभं केलं. तो एक दिवस काही संपला नाही.

तिची एक लकब होती. पातेलं उकळायला लागलं, की पळीतला एक थेंब डाव्या हाताच्या मागच्या बाजूला टाकायचा, जिभेचं टोक लावायचं, डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "हं." या हुंकारात सगळं यायचं. मीठ बरोबर आहे, किंवा चिमूटभर हवंय, किंवा लसूण अजून रागात आहे, जरा उकळू द्या. हुंकार ऐकला की ताटं मांडायला घ्यायची, असा कँटीनचा रिवाज पडून गेला होता.

भाज्या चिरायला तिची नणंद होती. वयानं मोठी. नवरा गेल्यावर भावाकडे राहायला आली आणि भावजयीच्या मागोमाग कँटीनमध्येही. भाऊ ट्रक चालवायचा, पंधरवड्यातून दोन दिवस घरी. त्यामुळे घर काय आणि कँटीन काय, या दोघींचंच राज्य. कारखान्यातली पोरं एकीला मावशी म्हणायची, दुसरीला आत्या.

"वन्संना चवी दोनच कळतात," काटामावशी सगळ्यांसमोर म्हणायची, "एक गरम आणि दुसरी गार."

"मला भुकेची चव कळते," आत्या विळीवरून मान न उचलता म्हणायची. "तेवढी पुरे आहे या जन्माला."

हा टोमणा रोजचा होता. त्यात कुणाला काही टोचत असेल, असं कुणाला वाटलं नव्हतं.

थंडी सरता सरता काटामावशी तापानं पडली. ताप उतरला, अंगात बळ आलं, आणि उठल्यावरचा पहिला चहा तिनं बशीत ओतून तोंडाला लावला.

"वन्सं, साखर विसरलात."

आत्यानं मुकाट्यानं आणखी एक चमचा घातला.

"अजून नाही लागत."

आणखी एक घातला. मग आत्यानं स्वतः एक घोट घेतला आणि कपाकडे बघत राहिली. "अगं, पाक झालाय हा."

काटामावशी उठून मोरीत गेली. तिनं दात घासायची पेस्ट बोटानं जिभेवर चोळली. नुसता फेस. मीठ ठेवलं. वाळू. लिंबाची फोड चोखली. ओलं काहीतरी. तोंड होतं, जीभ होती, पण आत कुणी राहत नव्हतं.

बाहेर येऊन ती म्हणाली, "तापाचं तोंड आहे. जाईल."

ते गेलं नाही. पण ती चुलीवर उभी राहिली. इतकी वर्षं तीच ती डाळ, तोच तो भात, तेच ते सूप. हाताला सगळं पाठ होतं. मीठ मुठीनं, तिखट डावानं, फोडणी कानानं. कांदा आवाज बदलतो तेव्हा त्याचा रंग बदललेला असतो, हे तिला बघावंही लागत नव्हतं. आणि थेंब? थेंब ती रोज हातावर टाकायची. जीभ लावायची, डोळे मिटायची, "हं" म्हणायची. नुसतं नाटक. 

नाटक एकदा फसलं. मिठाची नवी गोणी आली, ते मीठ जास्त बारीक होतं, मुठीत जास्त मावलं. वाटाण्याचं सूप खारट झालं. तिनं मिठावर खापर फोडलं आणि लोकांनी ते मानलंही. पण मॅनेजरनं तिला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. फक्त तक्रार म्हटली की त्याला घाम फुटायचा.

"मावशी, बाहेरून तयार डबे मागवायचं चाललंय वरती. मी अजून हो म्हटलेलं नाही. पण कँटीनबद्दल बोलणी आली, तर माझा नाइलाज होईल. तुम्हाला काढणार नाही हं कुणी. गोंदखात्यात बसून काम मिळेल. पगार तोच."

पगार तोच. पण चूल नाही. त्या दुपारी पहिल्यांदाच तिला गोंदखात्याची आठवण आली आणि तिथला वास आठवायला गेली, तर तोही आठवेना.

याच सुमारास कामगार दवाखान्यातून एक मुलगी आली. जेवणातलं पोषण बघणं हे तिचं काम. आल्या आल्या तिनं सगळ्या बायकांच्या बोटांना सुया टोचल्या, त्यामुळे कँटीनमध्ये तिचं नाव पडलं रक्तवाली. आठवड्यानं ती पुन्हा आली, तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता.

"गोंदखात्यातल्या जवळजवळ सगळ्यांचं रक्त कमी आहे," ती मॅनेजरला म्हणाली. "जिना चढताना धाप लागते म्हणतात, ती उगाच नाही. गोळ्या मी देईन. पण ताटात पालेभाजी हवी."

"या उन्हात बाजारातून पालेभाजी येते ती माना टाकूनच येते," मॅनेजर म्हणाला. "हिरवी राहत नाही, पिवळी होते."

ताटं पुसता पुसता काटामावशी बोलून गेली, "टाकीमागं घोळ आहे की."

कँटीनच्या मागं पिण्याच्या पाण्याची टाकी होती. ती भरून वाहायची तेव्हा पाणी भिंतीच्या कडेनं झिरपत जायचं, आणि त्या ओलीवर घोळ माजायची. जमिनीला धरून पसरलेली, तांबूस गुळगुळीत काड्या, जाड इवलीइवली पानं, सकाळी उन्हाबरोबर उघडणारी पिवळी फुलं. पाणी तोडलं तरी मरायची नाही; यंदाच्या उन्हात टाकी वाहिनाशी झाली, जमीन तडकली, तरी घोळ तशीच होती; उपटून दगडावर टाकली, तर दगडावरच फुलायची. घरी त्या दोघी अधूनमधून न्यायच्या. संध्याकाळी सुट्टी झाल्यावर तोडायची, ओल्या फडक्यात गुंडाळून न्यायची, रात्रीच शिजवायची.

रक्तवालीनं टाकीमागं जाऊन उकिडवं बसून बघितलं. एक काडी मोडली, वास घेतला. तिच्या डोळ्यांत चमक आली.

"मावशी, हिच्यात लोह आहे. आणि माशांमध्ये असतं तसलं तेल आहे. पाल्यात असं तेल सहसा मिळत नाही. हिला कुणी लावलंय?"

"हिला कोण लावणार? हिला काढून टाकायचं काम मला दिलं होतं," आत्या म्हणाली. "मी केलं नाही."

"बरं केलंत. पण हिच्यासारखंच दिसणारं एक तण असतं, ते पोटाला वाईट."

"दुधाळ. माहिताय. काडी मोडली की पांढरा चीक येतो. तशी काडी आली की फेकायची आणि हात धुवायचे."

"हो. आणि मुतखड्याचा त्रास आहे, त्यांना ही जपून द्यायची. त्यांच्यापुरती उकळत्या पाण्यात टाकून ते पाणी फेकून द्या, मग शिजवा. सोबत थोडं दही. लिंबू सगळ्यांनाच पिळून द्या, लिंबानं लोह अंगी लागतं. आणि तोडायची ती त्याच दिवशी, ताजी. रात्रभर ठेवलेल्या पाल्यातलं सत्त्व कमी होतं."

मॅनेजर मागं उभा होता. "लोकांना गवत खायला घातलं म्हणून ओरड होईल."

"खाऊन बघा आधी," रक्तवाली म्हणाली.

"बघतो. त्या दिवशी मी स्वतः जेवायला बसतो. जमलं, तर दर आठवड्याला. नाही जमलं..." त्यानं काटामावशीकडे बघितलं आणि वाक्य तिथंच सोडलं. तिला ते पुरं कळलं.

ठरल्या दिवशी दोघी पहाटेच आल्या आणि उजाडत असतानाच घोळ तोडली. आत्या काड्या मोडून चीक बघत होती, काटामावशी टोपल्या भरत होती. मग सात पाण्यांनी धुणं, कारण घोळीच्या पानापानात माती बसते. जाड काड्या बारीक, कोवळे शेंडे अख्खे. मोठ्या पातेल्यात मसूर शिजत होते. कांदा-लसूण परतला, पाला घातला, तो बघता बघता खाली बसला आणि पातेलं निम्मं झालं. मीठ मग. पालेभाजीला मीठ आधी घालणारा माणूस तिच्या लेखी माणसात नव्हता. शेवटी घरच्या हिशेबानं लिंबं पिळली.

मुतखडेवाल्यांचं पातेलं वेगळं. तिथला पाला उकळून, पाणी फेकून, पिळून घातला होता. लिंबू मात्र दोन्हींकडे सारखंच.

मग तिनं थेंब हातावर टाकला. जीभ लावली. डोळे मिटले.

"हं."

आत्यानं तिच्याकडे एकदा बघितलं आणि ताटं मांडायला घेतली.

जेवणाची घंटा झाली. पोरं रांगेतच सुरू झाली. "आज चरायला सोडलंय." "मावशी, माझं दावं सैल बांधा." "दूध कोण काढणार मग संध्याकाळी?" काटामावशी वाढत होती आणि हसत होती. हसू ओठांपुरतंच होतं.

पहिला घास गेला आणि हसणं थांबलं. गोंदखात्यातली एक पोरगी एक डोळा मिटून बसली. दुसरीनं गालावर हात ठेवला. गोंदाची पिंपं ढकलणारा दांडगा पोऱ्या म्हणाला, "मावशी, दात आंबले. आता भातही चावता येईना." कुणी पाण्याचा तांब्या मागितला. मॅनेजरनं घास गिळला, आणि त्याच्या कपाळावर तोच तो घाम आला.

त्यानं चमचा खाली ठेवला. "मावशी, तुम्ही चाखली होती ना?"

साधा प्रश्न. पण तो तिला आजवर कुणी विचारला नव्हता. विचारायची गरजच नव्हती.

"लिंबू माझ्या हातून जास्त पडलं," मागून आत्या म्हणाली. "ती चाखून गेली, मग मी पिळलं. माझं चुकलं."

काटामावशीनं वळून बघितलं. आत्याचे हात पदरात गुंडाळलेले होते, आणि ती सरळ मॅनेजरकडे बघत होती. त्या साखरेच्या चहापासून हिला माहीत आहे, हे काटामावशीला त्या क्षणी समजलं. माहीत होतं आणि घरात, दारात, चुलीजवळ एकदाही बोलली नव्हती.

"नाही वन्सं," ती म्हणाली. "उगाच अंगावर घेऊ नका." मग मॅनेजरला म्हणाली, "साहेब, मी चाखते, पण मला लागत नाही. ताप आल्यापासून. मीठ नाही, लिंबू नाही, काही नाही. थेंब हातावर टाकते ते दाखवायला."



तेवढ्यात काट्यावरचा म्हातारा ताट घेऊन उठला. त्याला मुतखड्याची खोड होती, म्हणून त्याचं ताट लहान पातेल्यातलं. तो सरळ चुलीपाशी आला. "काय चाललंय ते चालू द्या. मला अजून थोडी वाढा. झकास झालीय."

"तुझी जीभ पण गेली का रे?" पिंपवाला म्हणाला.

"माझी शाबूत आहे. आंबट आहे, पण भातावर घ्यावी इतपतच."

काटामावशीनं हातातली पळी तशीच धरली. "थांबा. वन्सं, दोन्ही चाखा."

"मी?"

"तुम्ही. आधी लहान, मग मोठं."

आत्यानं चाखलं. "ही बरी आहे. ही आंबट आहे."

"आंबट म्हणजे कशी? पिळलेल्या लिंबासारखी, की कच्च्या कैरीसारखी?"

आत्यानं परत एक चमचा घेतला, तोंडात घोळवला. तिचं तोंड वाकडं झालं, पण ती गिळेपर्यंत बोलली नाही. "कैरीसारखी. लिंबू नुसतं वरवर लागतं. हे खालून येतंय. पानातून."

"लिंबू दोन्हींत सारखं," काटामावशी स्वतःशीच म्हणाली. "फरक एवढाच, की एकीचं पाणी फेकलंय. म्हणजे आंबट त्या पाण्याबरोबर गेलं. म्हणजे पालाच आंबट होता. पण आपली घोळ एवढी आंबट कधी नसते."

"आज होती," आत्या म्हणाली.

"तुम्हाला काय ठाऊक?"

"सकाळी तोडताना एक काडी खाल्ली. शहारा आला. संध्याकाळची अशी नसते."

"मग सांगितलं का नाही?"

 "मला दोनच चवी कळतात ना. गरम आणि गार."

कुणी हसलं नाही. काटामावशीचे कान मात्र तापले. कानांना अजून सगळं लागत होतं.

"वन्सं," ती म्हणाली, "ते मी परत नाही म्हणणार." आणि लगेच पदर खोचून, "बटाटे उकडलेत ना संध्याकाळच्यासाठी? आणा. साहेब, थोडा वेळ द्या."

मोठ्या पातेल्यातलं पाणी चाळणीतून काढलं. जेवायला आलेली रक्तवाली घाईघाईनं आत आली. "अहो, त्या पाण्यात सत्त्व..."

"लोह राहील की जाईल?"

"बरंचसं राहील. पण आंबट मारायला खाण्याचा सोडा घालू नका, त्यानं उरलेलं सत्त्वही जाईल."

"नाही घालत."

पाल्यात बटाटे कुस्करले, ठेवलेले जास्तीचे मसूर घातले, वर तेलात लाल केलेला कांदा. मीठ घालायच्या वेळी काटामावशीनं चमचा आत्याच्या तोंडापाशी धरला.

"कुठं लागतंय?"

"जिभेच्या कडेला. थोडं."

"घशात?"

"नाही."

"चावल्यावर गोडसर काही?"

"बटाटा. आणि कांदा मागून येतोय." आत्यानं डोळे मिटले होते. आपण मिटलेत, हे तिचं तिला कळलं नव्हतं.

"मीठ?"

"चिमूटभर हवंय."

चिमूटभर घातलं. आत्या म्हणाली, "हं."

या वेळी गोंदखात्यातल्या पोरीनं आधी भाताचा लहानसा घास बुडवून बघितला, मग ताट पुढं केलं. पिंपवाला दात दाबत म्हणाला, "आता बैल पण खाईल," आणि दोनदा घेतलं. मॅनेजरनं ताट पुसून खाल्लं. हात धुवून चुलीपाशी आला आणि उगाच भिंतीकडे बघत म्हणाला, "मला डबे नकोत. मला गरम जेवण हवंय. करणाऱ्याचा हात एकीचा आणि जीभ दुसरीची असली, तरी माझं काही जात नाही. फक्त ते थेंबाचं नाटक बंद. चाखणार त्या आत्या. आणि मावशी, तुम्ही डॉक्टरकडे जा. इतके दिवस गप्प का बसलात?"

"तुम्ही गोंदखात्यात घालाल म्हणून," काटामावशी म्हणाली.

मॅनेजरनं दवाखान्याची चिठ्ठी तिथंच लिहून दिली.

डॉक्टरनं तपासून सांगितलं, की काही तापांत जिभेची चव आणि वास घ्यायची ताकद दोन्ही जातात, आणि चवीचा मोठा भाग वासातच असतो. पुष्कळांची परत येते, हळूहळू येते, खात्री कुणी देत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ लवंग, लिंबाची साल, कॉफी एकेक करून हुंगायची आणि तो वास कसा होता ते मनात आठवायचं. काटामावशी ते न चुकता करू लागली. आत्या समोर बसून विचारायची, "आलं काही?" ती म्हणायची, "आठवण आली. वास नाही." मग दोघी कामाला लागायच्या.

रक्तवालीनं घोळीचं कोडं मात्र सोडवून आणलं. तिला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. तिनं कुणाकुणाला विचारलं होतं. कोरड्या जागेतली घोळ दिवसा पानांची दारं बंद ठेवते, पाणी उडून जाऊ नये म्हणून. हवा आत घेते ती रात्री, आणि ती आंबटाच्या रूपात साठवते. दिवसभर उन्हात तेच आंबट वापरून संपवते.

"म्हणजे रात्री कमवायचं आणि दिवसा खायचं," आत्या म्हणाली. "आमच्या भावासारखी. त्याचा ट्रक पण रात्रीच चालतो."

"माझा सल्ला अंगाशी आला तुमच्या," रक्तवाली म्हणाली.

"ताजी तोडायची ते खरंच," काटामावशी म्हणाली. "सकाळची असली की लिंबू नाही. लिंबू घालायचंच असलं, तर उन्हं चढल्यावर तोडायची."

पुढच्या खेपेला दोघी परत पहाटे टाकीमागं बसल्या. फुलं अजून मिटलेली होती. आत्यानं एक काडी मोडली, चीक नाही बघून तोंडात टाकली, आणि शहारली.

"कैरी?" काटामावशीनं विचारलं.

"कैरी. आज तर जास्तच."

काटामावशीनंही एक शेंडा खुडला. काही लागेल म्हणून नाही, हाताला चाळा म्हणून. चावला. कुरकुरीत, चिकट, थंड. चव नाही. ती पुढच्या झुडपाकडे सरकली आणि मध्येच थांबली. जबड्याच्या मागं, कानांच्या खाली, दोन्हींकडून काहीतरी आवळून आलं, आणि जिभेखाली पाणी जमलं.

"वन्सं."

"काय गं?"

"तोंडाला पाणी सुटलं."

आत्यानं हातातली टोपली खाली ठेवली. "आंबट लागलं?"

"लागलं नाही. पण पाणी सुटलं. आतल्या कुणाला तरी कळलं असणार."

 आत्यानं झुडपातला सगळ्यांत कोवळा शेंडा शोधला, खुडला, मोडून बघितला आणि भावजयीच्या तळहातावर ठेवला.

"अजून एक खा," ती म्हणाली. "आणि ते पाणी गिळ, बोलत बसू नको. धुवायची आहे अजून सगळी."

त्या दिवशी भाजीत लिंबू पडलं नाही.